गेममधला घोडा मोटरसायकल होऊ नये म्हणून: स्वारीचे कंट्रोल कोणत्या क्रमाने बांधायचे

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या मुलामुलींनी बनवलेले गेम मी नेहमी खेळून बघतो. विषय बहुधा ठरलेला असतो: मागे गड, पुढे माळरान आणि घोड्यावर शिलेदार. मॉडेल देखणं असतं, आयाळ उडते, धुरळाही उडतो. मग स्टिक डावीकडे ढकलली की अख्खं जनावर जागच्या जागी गर्रकन फिरतं, बटण सोडलं की तिथल्या तिथे उभं राहतं आणि उभा कडा सरळ चढून जातं.

मुलांना कोडिंग येतं. घोटाळा होतो तो क्रमात. आधी घोड्याचं मॉडेल आणलं जातं, मग त्याला अ‍ॅनिमेशन लावलं जातं आणि शेवटी माणसासाठी लिहिलेला कंट्रोलर, म्हणजे हालचाल चालवणारा कोड, त्याच्यावर चढवून वेग तिप्पट केला जातो. एवढं झाल्यावर पुढे कितीही डागडुजी केली तरी ती मोटरसायकलच राहते.

म्हणून एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. खेळाडू स्वाराला चालवतो, स्वार घोड्याला सांगतो आणि घोडा आपल्या परीने ते ऐकतो. बटण आणि खूर यांच्या मधे दुसरा एक जीव आहे. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीसाठी आहेत आणि ते याच क्रमाने करायचे आहेत.

## तयारी: इंजिन उघडण्याआधी

घोडा बघून या. आपल्याला यासाठी लांब जावं लागत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी भाड्याचे घोडे असतात. घोडेवाल्याला काय करायचंय ते सांगा, त्याची परवानगी घ्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या. फोन स्लो मोशनवर टाका. सेकंदाला २४० फ्रेम मिळाल्या तर उत्तम. दहा-बारा मीटर लांब, घोड्याच्या बाजूने, त्याच्या छातीच्या उंचीवर फोन धरून शूट करा. वरून किंवा समोरून घेतलेला व्हिडिओ फारसा कामाचा नसतो.

बघायचं काय? उभ्या घोड्याचा लगाम हलला की आधी एक कान मागे वळतो. मग डोकं किंचित वर येतं, मान आखडते, वजन मागच्या पायांवर जातं आणि त्यानंतर मागचा एक पाय उचलला जातो. पुढचा पाय त्याच्या मागून. वळतानाही तसंच: कान, डोकं, मान, खांदा आणि सर्वांत शेवटी धड. हा क्रम व्हिडिओत फ्रेम-फ्रेम करून लिहून काढा. पुढचे निम्मे टप्पे या एका कागदावर उभे राहणार आहेत.

पर्यटकांना फिरवणारे घोडे बहुतेक वेळ साधी चाल किंवा दुडकीच चालतात. भरधाव दौड बघण्यासाठी शर्यतीचे स्लो मोशन व्हिडिओ वापरा, भाड्याच्या घोड्याला पळवायला लावू नका. पावसाळ्यात तर नकोच. जांभा खडक निसरडा झालेला असतो आणि धुक्यात पुढचं काही दिसत नाही.

खेळून या, पण वही घेऊन. चार गेम पुरेत. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) मधली घोडी अ‍ॅग्रो, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मधले रानातून पकडलेले घोडे, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) आणि ‘माउंट अँड ब्लेड’. घोडा कसा दिसतो ते लिहू नका. तुमचा अंगठा काय करतोय, दाबल्यापासून किती वेळाने काय हललं आणि सोडल्यावर काय झालं, एवढंच लिहा.

आकडे कागदावर मांडा. मी सुरुवातीला हे धरायला सांगतो:

- साधी चाल: सेकंदाला १.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६ किमी. सारख्या अंतराने खुरांचे चार ठोके.
- दुडकी: सेकंदाला ३.८ मीटर, ताशी सुमारे १४ किमी. दोन ठोके. तिरके पाय जोडीने पडतात.
- कँटर (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल): सेकंदाला ६ मीटर, ताशी सुमारे २२ किमी. तीन ठोके आणि मग क्षणभर शांतता.
- भरधाव: सेकंदाला १२ मीटर, ताशी सुमारे ४३ किमी. झटपट चार ठोके, मग चारही पाय हवेत.

शर्यतीचा थरोब्रेड ताशी ६० किमीच्या वर जातो. तो आकडा विसरा. तो सपाट ट्रॅकवरचा, थोड्या अंतरापुरता वेग आहे आणि खेळाच्या मैदानात तो आणला की नकाशा लहान पडतो, वळणं हाताबाहेर जातात.

इशारा: असेट स्टोअरवरचे (तयार मॉडेल मिळतात त्या ऑनलाइन दुकानातले) घोडे बहुतेक थरोब्रेडच्या बांध्याचे असतात, खांद्याशी साधारण १६० सेंटीमीटर किंवा जास्त. आपल्याकडची भीमथडी तट्टं बुटकी आणि काटक. मॉडेल लहान केलंत तर पावलाची लांबी आणि वेगही त्याच प्रमाणात कमी करा. नुसतं मॉडेल लहान करून वेग तोच ठेवला की पाय शिवणयंत्रासारखे चालतात.

## टप्पा १: ठोकळा आणि दोन मैदानं

मॉडेल बाजूला ठेवा. लांबी २.४ मीटर, रुंदी ०.६ मीटर, उंची १.५ मीटर असा एक ठोकळा घ्या. पुढे मान म्हणून दुसरा छोटा ठोकळा तिरका लावा, तो वेगळा वळता आला पाहिजे. धक्का लागण्यासाठीचा आकार उभी कॅप्सूल ठेवू नका. माणसाला ती चालते. घोड्याला आडवी कॅप्सूल किंवा पुढे-मागे दोन गोळे लागतात, नाहीतर शेपटीकडचा भाग भिंतीतून आरपार जातो.

फिरण्याचा बिंदू ठोकळ्याच्या मधोमध नको. तो मागच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा. घोड्याचं रेटण्याचं बळ मुख्यतः मागच्या पायांत असतं, वळताना पुढचा भाग फिरतो आणि मागचा त्याला रेटतो. एवढा एक बदल केला की कोऱ्या ठोकळ्यातही जनावराची झाक दिसायला लागते.

मैदानं दोन हवीत. एक सांगलीकडचं: सपाट काळी जमीन, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, मधे तीन मीटर रुंद वाट आणि तिला काटकोनात वळणं. दुसरं साताऱ्याकडचं: यवतेश्वरच्या घाटासारखा चढ, वर सपाट पठार, कडेला तुटलेला कडा. उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशयानातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा मोफत डेटा वापरता येतो, पण तो ३० मीटरच्या चौकटीत येतो. त्यात डोंगराचा आकार मिळतो, बांध, नाळ, पायऱ्या मिळत नाहीत. त्या हाताने कोराव्या लागतात.

एकाच मैदानावर काम करणाऱ्यांचा घोडा दुसऱ्यावर हमखास फसतो. सपाटीवर चढाचे प्रश्न दिसत नाहीत आणि डोंगरावर वळणाचे दिसत नाहीत.

तपासा: गेम इंजिनांपैकी युनिटी आणि गोडोमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, अनरिअलमध्ये एक सेंटीमीटर. अनरिअलमध्ये भरधाव वेग १२ नव्हे, १२०० लिहायचा. ठोकळा मुंगीच्या पावलाने सरकत असेल तर आधी इथे बघा.

## टप्पा २: वेग, चार पायऱ्यांत

स्टिक जितकी ढकलली तितका वेग, ही माणसाची पद्धत. घोड्याला ती लावू नका. स्टिक अर्धी ढकलून सेकंदाला ५ मीटर वेग आला तर तो दुडकीही नाही आणि कँटरही नाही. त्या वेगाला घोड्याकडे चालच नाही, म्हणून पुढे अ‍ॅनिमेशन लावलं की पाय घसरलेले दिसणारच.

एक बटण एकदा दाबलं की एक पायरी वर. दुसरं बटण दाबलं की एक पायरी खाली. स्टिक फक्त दिशेसाठी. प्रत्येक पायरीत वेग थोडा कमी-जास्त होऊ द्या, वर-खाली १५ टक्क्यांपर्यंत, त्याहून जास्त नको.

वेग वाढण्याचा दर सेकंदाला ४ मीटर धरा. म्हणजे उभ्या घोड्याला भरधाव व्हायला ३ सेकंद आणि १८ मीटर लागतील. मुलं हे ऐकून कुरकुरतात, त्यांना अर्ध्या सेकंदात हवं असतं. पण या तीन सेकंदांतच खेळाडूला वाटतं की खाली काहीतरी जड, जिवंत उठतंय. ते काढून टाकलंत तर मागे नुसता वेग उरतो. चाल बदलताना मधली पायरी गाळू नका, प्रत्येक चालीत किमान एक पूर्ण पाऊल पडू द्या.

बटण सोडल्यावर काय व्हावं? ‘माउंट अँड ब्लेड’मध्ये कळ सोडली तरी घोडा चालत राहतो, थांबवायला वेगळं सांगावं लागतं. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण खरा घोडाही सांगितलेली चाल धरून राहतो. फोनवरच्या खेळाडूला ती जड जाते. तिथे स्टिक पूर्ण सोडल्यावर दोन सेकंदांनी एक पायरी खाली, असं करा.

तपासा: स्टिकला हात न लावता फक्त दोन बटणांनी चारही चालींतून वर जा आणि खाली या. कुठे झटका बसतो का?

## टप्पा ३: वळण

सगळ्यात जास्त घोडे इथे बिघडतात, म्हणून जरा हिशेब करू.

समजा भरधाव वेग सेकंदाला १२ मीटर आहे आणि वळण्याचा वेग सेकंदाला १८० अंश. माणसाच्या कंट्रोलरमधून आलेला हा नेहमीचा आकडा. वळणाची त्रिज्या येते ३.८ मीटर आणि बाजूने बसणारा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ चौपट. खरा घोडा अशा वळणात आडवा पडेल, स्वार उसात जाऊन पडेल. डोळ्याला ही आकडेमोड येत नसली तरी खोटेपणा कळतो. खेळाडू म्हणतो, “काहीतरी हलकं वाटतंय.”

म्हणून वेग वाढेल तसा वळण्याचा दर कमी करा:

- साधी चाल: सेकंदाला १२० अंश, त्रिज्या ०.८ मीटर.
- दुडकी: १०० अंश, त्रिज्या सुमारे २.२ मीटर.
- कँटर: ७० अंश, त्रिज्या सुमारे ४.९ मीटर.
- भरधाव: ३५ अंश, त्रिज्या सुमारे २० मीटर.

त्रिज्या काढायची रीत सोपी आहे: वेग भागिले वळण्याचा दर, दर मात्र रेडियनमध्ये. आकडे तुमच्या खेळाप्रमाणे हलवा, पण उतरता क्रम मोडू नका.

वळणाचा दरही एकदम पूर्ण येऊ देऊ नका. स्टिक हलली की मानेचा ठोकळा ताबडतोब वळू द्या, धड पाव-अर्ध्या सेकंदाने त्याच्या मागून. भरधाव वेगात खेळाडूने स्टिक उलट ओढली तर? तेव्हा घोड्याला वळवू नका. आधी वेग उतरू द्या, दुडकीवर येऊ द्या, मग लहान त्रिज्येत फिरवा. खेळाडूने हे तीन हुकूम वेगवेगळे द्यायची गरज नाही. स्वार एवढं जाणतो, ते त्याच्याकडूनच होऊ द्या.

वळताना अंग झुकवायचं असेल तर १०-१५ अंशांपर्यंत. त्याच्या पुढे गेलात की पुन्हा मोटरसायकल.

तपासा: सपाट मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यात चारही चालींत फिरा. साध्या चालीत आठ छोटा, भरधाव वेगात प्रचंड मोठा झाला पाहिजे. मग उसाच्या वाटेत शिरा. काटकोनातलं वळण दुडकीने सहज निघावं, कँटरने कसरत करून निघावं आणि भरधाव निघूच नये.

## टप्पा ४: थांबणं

हा छोटा टप्पा आहे, पण वगळतात बरेच जण. वेग उतरण्याचा दर सेकंदाला ६ मीटर धरला तर भरधाव घोडा थांबायला २ सेकंद आणि १२ मीटर लागतात. लगाम ओढण्याचं बटण धरून ठेवलं तर मागचे पाय पोटाखाली घेऊन, घसरत, जरा लवकर थांबू द्या. ही थांबण्याची लांबी कोडमध्ये एका ठिकाणी लिहून ठेवा, सातव्या टप्प्यात ती पुन्हा लागेल.

## टप्पा ५: कान आधी, पाय नंतर

आतापर्यंत जे केलं त्याने घोडा जड झाला. कोणाला दिलात तर तो म्हणेल, “बटण लागतच नाहीये.” इथे घाबरून सगळे आकडे परत वाढवले जातात आणि चार टप्प्यांची मेहनत वाया जाते. असं करू नका.

खेळाडूची तक्रार खरी आहे, पण ती वेगाबद्दल नसते. आपलं म्हणणं पोचलं की नाही हे त्याला कळत नाहीये. म्हणून उत्तर लगेच द्या, हालचाल सावकाश होऊ द्या. बटण दाबल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे ६० फ्रेमच्या खेळात सहा फ्रेममध्ये, पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. काय हलवायचं ते तुमच्या पाचगणीच्या कागदावर आहे: कान मागे, मान आखडली, स्वाराची टाच आत आली, लगामाच्या कडीचा आवाज झाला. पाय अजून हललेले नाहीत, तरी खेळाडूला कळलं की घोड्याने ऐकलंय.

ठोकळ्यावर कान नसले तर दोन त्रिकोण लावा. खरंच लावा, या टप्प्यावर ते पुरतात.

तपासा: फोनच्या स्लो मोशनवर अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. बटण खाली गेल्यापासून पहिली हालचाल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० च्या व्हिडिओत २४ पेक्षा जास्त निघाल्या तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: आता मॉडेल, आता चाली

ठोकळा चालवताना मजा यायला लागली की मगच मॉडेल आणा. त्याआधी आणलेलं मॉडेल चुका झाकतं.

पायांचा क्रम पाठ करा. साधी चाल: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. दुडकीत डावा मागचा आणि उजवा पुढचा जोडीने, मग उरलेली जोडी. कँटरमध्ये एक मागचा, मग दुसरा मागचा आणि त्याच्या तिरका पुढचा एकत्र, शेवटी उरलेला पुढचा आणि मग अधांतर. हा शेवटी पडणारा पुढचा पाय वळणाच्या आतल्या बाजूचा असायला हवा. डावीकडे वळताना डावा. उलटा लावला तर घोडा अडखळल्यासारखा दिसतो आणि का ते कोणाला सांगता येत नाही. म्हणून कँटरची दोन अ‍ॅनिमेशन लागतात, डावं आणि उजवं. एकच विकत घेतलं असेल तर ते आरशासारखं उलटवून दुसरं करा.

भरधाव दौडीत चारही पाय हवेत असतात तो क्षण कोणता? पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फाकलेले असतात तो नव्हे. पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा घोडा हवेत असतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात माय्ब्रिज या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोंनी हे दाखवून दिलं. तरी फाकलेल्या पायांनी उडणारे घोडे अजून गेममध्ये दिसतात.

पाय घसरू नयेत म्हणून अ‍ॅनिमेशनचा वेग प्रत्यक्ष वेगाला बांधा: प्रत्यक्ष वेग भागिले ज्या वेगासाठी ते अ‍ॅनिमेशन बनलं तो वेग. हा भागाकार ०.८५ ते १.१५ मधे राहिला पाहिजे. दुसऱ्या टप्प्यात १५ टक्के का म्हटलं होतं ते इथे कळेल.

दुडकी आणि कँटर यांचं सरळ मिश्रण करू नका. एकात दोन ठोके, दुसऱ्यात तीन. मिसळले की चारही पायांचा काला होतो. डावा मागचा पाय टेकला की ती खूण धरून त्याच क्षणी चाल बदला, शक्य असेल तर मधे बदलाचं छोटं अ‍ॅनिमेशन घाला.

रूट मोशन (अ‍ॅनिमेशनमधल्या हालचालीनेच घोडा पुढे सरकवणं) वापरायचं की कोडने हलवायचं, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: चालणं-पळणं कोडने, चढणं, उतरणं, उडी, पुढचे पाय उचलून उभं राहणं रूट मोशनने.

आणि स्वार! त्याला खोगिराला खिळा मारून बसवू नका. दुडकीत तो दर दुसऱ्या ठोक्याला रिकिबीवर उठतो, भरधाव वेगात खोगिरातून किंचित वर, पुढे झुकलेला असतो. त्याची हालचाल खोगिराच्या दोन-तीन फ्रेम मागे ठेवा.

इशारा: चढावर खूर जमिनीला टेकवण्यासाठी आयके (खूर जिथे टेकवायचा त्यावरून पायाचे सांधे वळवण्याची पद्धत) लावाल तेव्हा फक्त टेकलेल्या पायाला लावा. हवेतल्या पायालाही लावलं की घोडा चिखलातून पाय ओढल्यासारखा चालतो.

## टप्पा ७: घोड्याची स्वतःची अक्कल

खरा घोडा झाडाला डोकं आपटत नाही आणि कड्यावरून खाली जात नाही, स्वार झोपला असला तरी. गेममध्ये मात्र खेळाडूला प्रत्येक झुडूप स्वतः चुकवावं लागतं आणि तिथे दोन जीव असल्याची जाणीव संपते.

समोर एक किरण सोडा, म्हणजे अडथळा शोधणारी अदृश्य रेष. त्याची लांबी थांबण्याच्या लांबीच्या सव्वापट: भरधाव वेगात साधारण १५ मीटर. साध्या चालीत या हिशेबाने ती फारच आखूड येते, म्हणून तिथे दीड-दोन मीटर धरा. अडथळा अरुंद असेल तर घोडा स्वतः थोडा कडेला होईल. भिंत असेल तर वेग उतरवेल. दुसरा किरण पुढे जाऊन खाली सोडा. खाली जमीन नसेल तर घोडा थांबेल, मान वर करेल, मागे सरकेल.

रस्ता धरून चालण्याची मदतही इथेच. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जीव लागलेला घोडा वाट धरून आपणहून चालतो, ‘द विचर ३’मध्ये बटण धरून ठेवलं की रस्ता सोडत नाही. घाटातल्या वळणांवर ही मदत फार कामाची. पण स्टिक जराही हलली की ती मदत तिथल्या तिथे सोडून द्या. खेळाडूच्या हुकमाशी घोड्याने भांडावं, पण शेवटी हट्टाने धरलेली दिशा मान्य करावी. अपवाद एकच: कडा.

चढासाठी मी हे धरतो. २० अंशांपर्यंत सगळ्या चाली. २० ते ३५ पर्यंत दुडकीच्या वर नाही. त्यापुढे फक्त साधी चाल, आणि ४० नंतर नकार. उतारावर हेच आकडे प्रत्येकी पाच अंशांनी कमी करा, कारण घोड्याला चढापेक्षा उतार जास्त अवघड जातो. उतारावर मान वर, वजन मागे, पावलं आखूड.

इशारा: नकार देताना अदृश्य भिंत लावू नका. घोडा थांबतोय हे त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे. भिंतीला आपटल्यासारखा थांबला तर खेळाडू घोड्याला नाही, गेमला दोष देतो.

तपासा: साताऱ्याच्या मैदानावर पठाराच्या कडेकडे भरधाव सोडा आणि कंट्रोलर खाली ठेवा. घोडा आपला आपण थांबला पाहिजे.

## टप्पा ८: कॅमेरा

कॅमेरा डोक्याला किंवा खोगिराला बांधू नका, छातीच्या उंचीवरच्या एका स्थिर बिंदूला बांधा. खोगीर प्रत्येक पावलाला वर-खाली होतं, तेवढा कॅमेराही हलला तर पाच मिनिटांत खेळाडूला मळमळतं. दोन-चार सेंटीमीटरचा हेलकावा पुरे आणि तो बंद करायची सोय सेटिंगमध्ये द्याच.

भरधाव वेगात दृश्याचा कोन पाच-आठ अंशांनी रुंद करा आणि कॅमेरा थोडा खाली आणा. जमीन जवळून सरकली की वेग जाणवतो, त्यासाठी प्रत्यक्ष वेग वाढवायची गरज पडत नाही. वळताना कॅमेरा मानेच्या मागून आणि धडाच्या आधी वळू द्या, म्हणजे खेळाडूला वळणाच्या आतलं दिसतं.

बुटक्या तट्टाला उंच घोड्याचा कॅमेरा ठेवला तर स्वार पोरगेला दिसतो. उंची मॉडेलप्रमाणे पुन्हा लावा.

## टप्पा ९: आवाज

टापांची एकच सलग ध्वनिफीत लावून ती कमी-जास्त वेगाने वाजवणं, ही सार्वत्रिक चूक. चार खुरांचे चार आवाज वेगळे घ्या आणि अ‍ॅनिमेशनमध्ये खूर टेकतो त्या फ्रेमवर वाजवा. प्रत्येकाचे तीन-चार प्रकार ठेवा, नाहीतर कान लगेच पकडतो. जांभा, काळी माती, डांबर, पाणी, वाळलेला पाचोळा यांचे संच निराळे. टेबललँडवर गेलात तेव्हा आवाज भरून आणले असतील तर जांभ्यावरच्या नालेचा कोरडा, पोकळ ठोका तुमच्याकडे आहेच. तो विकतच्या संचात सहसा मिळत नाही.

एक बारीक गोष्ट फार मोठं काम करते. कँटर आणि भरधाव दौडीत घोड्याचा श्वास पावलाशी बांधलेला असतो, एका पूर्ण पावलाला एक श्वास. श्वासाचा आवाज त्या मापाने लावा. खेळाडूला कारण कळणार नाही, पण अंगठा आपोआप त्या तालात यायला लागेल.

कंट्रोलरमध्ये कंपन असेल तर तेही खुरांच्या ठोक्यांना जोडा, हलकं. सतत घरघर नको.

## टप्पा १०: चढणं, बोलावणं, दम

डाव्या बाजूने चढण्याची रीत पाळा, पण खेळाडू उजवीकडे उभा असेल तर त्याला वळसा घालायला लावू नका, तिथूनही चढू द्या. चढणं दीड सेकंदाच्या आत उरकावं. शीळ घातली की घोडा कॅमेऱ्याच्या मागून, पळत यावा, समोर प्रकट होऊ नये.

‘एल्डन रिंग’ (२०२२) मधला टॉरेंट क्षणात हजर होतो आणि हवेत दुसरी उडी मारतो. बरेच जण ते उचलतात. पण तो तिथे मायावी घोडा आहे, त्याला ते शोभतं. हाडामांसाच्या घोड्याला तीच सवलत दिलीत तर आधीचे नऊ टप्पे फुकट जातात.

दमासाठी पट्टी दाखवायची तर दाखवा, पण आधी श्वास, फेस, मानेची लय यांतून सांगा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये टापांच्या तालात बटण दाबलं तर घोड्याचा दम कमी खर्च होतो. नवव्या टप्प्यातला श्वास नीट लावला असेल तर ही युक्ती तुमच्या खेळात जवळजवळ फुकट मिळते.

## टप्पा ११: दुसऱ्याच्या हातात द्या

तुम्हाला आता सवय झालेली आहे, तुमचं मत धरू नका. कधी गेम न खेळलेल्या एकाला आणि रोज खेळणाऱ्या एकाला द्या. फोनसाठी बनवत असाल तर घरातल्या जुन्या, ३० फ्रेमवर अडखळणाऱ्या फोनवरच द्या. आपल्याकडे बहुतेक जण तिथेच खेळणार आहेत. काही समजावून सांगू नका, पडद्याकडेही बघू नका. त्यांच्या अंगठ्याकडे बघा.

तक्रार ऐकून थेट आकडा बदलू नका, ती कोणत्या टप्प्याची आहे ते आधी ओळखा. “ऐकत नाही” असं म्हटलं तर पाचवा टप्पा तपासा, वळणाचा दर तसाच राहू द्या. “हलका वाटतो” म्हटलं तर तिसरा आणि नववा. “घसरतोय” म्हणजे सहाव्यातला भागाकार चुकलाय. “गरगरतंय” म्हणजे कॅमेरा. “मधेच थांबतो” असं आलं तर सातव्यातले किरण पडद्यावर रंगवून बघा, बहुतेक वेळा गवताच्या पात्यालाही अडथळा मानलेलं सापडतं. आणि कोणी काहीच न बोलता आठवा, नववा फेरा मारत बसला असेल, तर त्याला थांबवू नका, त्याने कुठे कुठे वेग बदलला तेवढं टिपून घ्या.